टिकलीची पर्स

रविवारी दुपारी सगळे जमायचे होते, आणि शनिवारचे चार वाजून गेले तरी पर्सला गोट लागला नव्हता. मधलीने तिरकस कापलेली निळी पट्टी कडेने बसवून पाहिली. कोपऱ्यावर ती ओढली जात होती. पुन्हा टाचण्या काढल्या. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई ती. कोपरा वळवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. पण या पर्सपुढे तिची बोटं नवशिकी झाली होती. नऊ आठवडे हेच चाललं होतं. शिवायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, मान हलवायची आणि उसवायचं.

समोरच्या खुर्चीत बसून आई बशीतले मणी निवडत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिची नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत होती, आणि जीभ तर त्याहून शाबूत.

"तू हे उद्या थोरलीसमोर काढणार आहेस?"

"थोरलीसमोर कशाला? टिकलीला देणार आहे."

"टिकली काय एकटी येतेय? तिची आई येतेय बरोबर."

"येऊ दे की."

"मधले, मी काय म्हणतेय ते तुला चांगलं कळतंय. सोंग नको आणूस."

मधलीने उत्तर दिलं नाही. टाचणी तोंडात असली की उत्तर द्यावं लागत नाही, हा तिचा फार जुना फायदा होता.

घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. रस्त्याकडे एक रुंद खिडकी, खिडकीखाली पायमशिन, भिंतीला लागून कापायचं टेबल आणि त्याखाली चिंध्यांनी भरलेली खोकी. त्यातलं बुटांचं एक खोकं सुतळीने बांधलेलं असायचं. वीस वर्षांत ती सुतळी कुणी सोडली नव्हती. टिकलीचा फोन आला, "मावशी, मला जहाजावर नोकरी लागली, इंजिनच्या खोलीत, आईला एवढ्यात सांगू नकोस," त्या दिवशी दुकान बंद करून मधलीने ती सुतळी कात्रीने कापली.

आत एका मुलीची सहा वर्षं होती. फ्रॉक शिवून उरलेले तुकडे, तोकडे झालेले कपडे उसवून काढलेली कापडं. त्यांतून तिने एकोणीस तुकडे निवडले. प्रत्येक तुकडा कागदाच्या षट्कोनावर घडी घालून बेतला, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी सगळे जोडले, आणि आतले कागद काढून घेतले. खाली कापसाचा पातळ थर, त्याखाली अस्तर. तिन्ही पदर एकत्र धरून मधोमधपासून बाहेरच्या बाजूला धावदोरा घातला, म्हणजे चुणी राहत नाही. एवढं झाल्यावर खरी नक्षी. जिथे तीन तुकडे भेटतात तिथे एक टिकली, आणि दोरा दिसू नये म्हणून टिकलीच्या पोटात एक मणी. झाकणाच्या कडेला मण्यांची झालर. अशा कामाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही. मधलीने आयुष्यात स्वतःच्या मर्जीने शिवलेली ही पहिलीच वस्तू होती.

टिकली हे नावही याच खोलीत पडलेलं. रांगत रांगत पोरीने टिकल्यांचा डबा गाठला आणि तोंड, पोट, तळपाय सगळं चमचमतं करून घेतलं. दोन टिकल्या दुसऱ्या दिवशी लंगोटात सापडल्या. तेव्हापासून तिला खऱ्या नावाने फक्त शाळेतल्या बाई हाक मारत.

थोरलीला खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा टिकली वर्षाचीही नव्हती. नवरा त्याआधीच निघून गेला होता. कुठे, ते कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, मूल आईपासून लांब ठेवा. थोरली दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात गेली. पावणेदोन वर्षांनी बरी झाली आणि तिथल्याच धुलाईखान्यात कामाला लागली. राहायला बायकांचं वसतिगृह, तिथे मुलांना मज्जाव. तीन-चार महिन्यांतून एकदा यायची, दारात उभी राहायची, आणि टिकली मधलीच्या मागे लपायची.

मग एकदा थोरलीला खोली मिळाली. दुसऱ्याच दिवशी ती मुलीला न्यायला आली. "नुसते कपडे दे. खेळणी, बाहुल्या काही नको. आणि रागावू नकोस, पण सहा महिने तू तिकडे फिरकू नकोस. तिला रुळू दे. मग मीच तुला बोलावेन."

"बरं," मधली म्हणाली.

सहा महिने तिने बोलावण्याची वाट पाहिली. शेजारच्या औषधांच्या दुकानात फोन होता. तिथून हाक आली की तिच्या पायाखालचं पायडल थांबायचं. हाक तिच्यासाठी नसायचीच. सहाचे आठ झाले, आठाचं वर्ष झालं. नंतर तिने वाट पाहणं सोडलं, म्हणजे तसं लोकांना सांगितलं. पुढे टिकली वर्षातून दोनदा येऊ लागली, नवे बूट घालून, आईचा हात धरून. पहिल्या खेपेला ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "मावशी, पाणी मिळेल का?"

ज्या घरातला एकही डबा तिने उघडायचा सोडला नव्हता, त्या घरात.

"कोपऱ्यावर पट्टीला जरा ढील दे," आई म्हणाली. "ओढतेस कशाला?"

मधलीने ढील दिला. गोट बसला. बसल्या बसल्या ती मनातल्या मनात उद्याची दुपार पुन्हा एकदा शिवून पाहत होती. टिकली पर्स हातात घेईल. आधी पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवील, मग निळ्या चौकड्यांवर. म्हणेल, मावशी, हा तर माझा… पुढचं वाक्य मधलीने रोज निराळं केलं होतं.

*

रविवारी सगळ्यात आधी धाकटा आला. बायको आणि मुलं सासुरवाडीला गेली होती, त्यामुळे स्वारी एकटी आणि खुशीत होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, पुढे काही सरकलो नाही," हा त्याचा ठरलेला विनोद, आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. आज मात्र त्याने विनोद केला नाही. दुकानात डोकावून हळूच म्हणाला,

"मधलीताई, ताईला कळलंय."

"काय कळलंय?"

"जहाजाचं टिकलीने आधी तुला सांगितलं ते. दोन महिने तू पोटात ठेवलंस ते. काल भांडताना टिकलीच्या तोंडून निघून गेलं. रात्रभर ताई तिच्याशी बोलली नाही म्हणे. मला सकाळी फोन करून म्हणाली, विचार तुझ्या बहिणीला, अजून काय काय लपवलंय."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, दोघी माझ्या बहिणी आहेत, नक्की कुठलीला विचारू?"

मधलीला हसू आलं आणि लगेच विरलं. पर्स तयारच होती, फक्त झाकणाचं बटण लावायचं राहिलं होतं. तिने ती मशिनवर ठेवली आणि वरून एक पांढरा कपडा टाकला.

बाराच्या सुमाराला थोरली आणि टिकली आल्या. टिकली आल्या आल्या आजीच्या गळ्यात पडली, मामाच्या पोटात गुद्दा मारला, मावशीच्या खांद्यावर हनुवटी टेकून क्षणभर तशीच राहिली. सव्वीस वर्षांची, केस मुलग्यासारखे कापलेले, नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ. संध्याकाळच्या गाडीने ती बंदराच्या शहराला निघणार होती. पाठपिशवी दारातच ठेवली होती, एवढीशी.

थोरलीने चपला काढल्या, त्या जोडीने भिंतीला लावून ठेवल्या आणि म्हणाली, "कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मला काय धाड भरलीय."

जेवणं झाली. वाढताना, उष्टी काढताना, ताटं घासताना दोघी बहिणी एकमेकींना "हे धर", "ते दे" एवढंच बोलल्या. थोरली घासत होती आणि मधली विसळत होती. धुलाईखान्यात अर्धं आयुष्य काढलेले थोरलीचे हात पांढरेफटक आणि सुरकुतलेले होते, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे. मधली त्या हातांकडे नेहमी बघायची टाळायची. त्या हातांकडे पाहिलं की राग धरता यायचा नाही.

शेवटचं पातेलं पालथं घालून थोरली वळली. "दोन महिने तुला ठाऊक होतं."

"तिने सांगू नको म्हणून सांगितलं होतं, ताई."

"आणि तू ऐकलंस. तिचं ऐकायला तू नेहमीच तयार. नाही म्हणायचं काम माझं, आणि कुरवाळायचं काम तुझं. आठ महिने पोरगी समुद्रावर राहणार. मला कळलं कधी, तर तिकीट हातात आल्यावर!"

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "तिचं बरोबर आहे, मधले. मुलगी तिची. आधी तिला कळायला हवं होतं."

"अगं आई, पण टिकलीने सांगितलं असतं तर ताईने जाऊ दिलं असतं का?" धाकटा मधे पडला. "मधलीताईने फक्त तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं हा या घरात गुन्हा कधीपासून झाला?"

"तू गप्प बस," थोरली त्याला म्हणाली. "तुला हिचा पुळका पहिल्यापासूनच."

"पुळका काय? खरं ते बोललो."

"खरं काय ते मी सांगते," थोरलीचा आवाज चढला. "हिला अजून वाटतं की ती हिची मुलगी आहे. सहा वर्षं सांभाळलंस, मान्य, जन्मभर उपकार मानीन. पण त्याची आठवण तू मला किती वर्षं करून देणार आहेस?"

"मी कधी एक अक्षर तरी बोलले?" मधली म्हणाली.

"तेच तर! बोलत नाहीस. येतसुद्धा नाहीस. नुसती बघतेस."

"बस झालं!"

हे टिकली बोलली. ती दारात उभी होती, आणि तिचा चेहरा लाल झाला होता. "मी कुणाची, कुणी मला सांभाळलं, कुणी मला नेलं, लहानपणापासून प्रत्येक जेवणानंतर हेच. कधी बोलून, कधी न बोलून. म्हणून आधी कुणाला सांगावं तेच मला कळेना. मावशीला सांगितलं, कारण मावशी रडली तरी फोनवर ऐकू येत नाही. एवढंच कारण होतं, आई."

आणि ती तरातरा दुकानात निघून गेली.

स्वयंपाकघरात नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. धाकट्याने तो नळ घट्ट केला. काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय त्याला उभं राहता यायचं नाही.

तेवढ्यात दुकानातून हाक आली. "मावशी, हे काय आहे?"

मधलीचे हात ओले होते. ती तशीच धावली. टिकलीने पांढरा कपडा बाजूला केला होता आणि पर्स दोन्ही तळहातांवर धरून खिडकीशी नेली होती. दुपारचं ऊन मण्यांवर पडलं होतं. झालर जराशी हलत होती.

"कुणाची ऑर्डर आहे ही? केवढी सुंदर आहे!"

"तुझी आहे," मधली म्हणाली.

"माझी?"

"तुझ्यासाठीच केलीय. बटण लावायचं राहिलंय."

टिकलीने पर्स उलटसुलट करून पाहिली, आत बोटं घालून अस्तर चाचपलं. तिचं बोट पिवळ्या तुकड्यावरून गेलं. बोट पुढे सरकलं, निळ्या चौकड्यांवरून, तांबड्यावरून, आणि एका टिकलीवर जाऊन थांबलं.

"टिकलीच्या मधोमध मणी! मावशी, काय बारीक काम आहे गं. आणि कापडं कुठून आणलीस इतक्या जातीची?"

मधलीने टेबलाखालचं बुटांचं खोकं पायाने आत सरकवलं.

"तुझीच आहेत ती," तिच्या मागून आईच म्हणाली. ती काठी टेकत दारापर्यंत आली होती. "तुझ्या लहानपणचे कपडे. ओळखले नाहीस?"

टिकलीने पर्सकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, पुन्हा पर्सकडे पाहिलं. तिला खोटं बोलता आलं असतं. एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून "हो, हा आठवतो" म्हणायला काही लागत नव्हतं. पण तिने तसं केलं नाही, आणि त्याबद्दल मधलीला पुढे तिचं फार कौतुक वाटत राहिलं. त्या घडीला मात्र काळजात सुई मोडल्यासारखं झालं.

"नाही आठवत गं, मावशी," टिकली हळू आवाजात म्हणाली. "खरंच नाही. मी खूप आठवायचा प्रयत्न करते. मला फक्त या मशिनचा आवाज आठवतो. मी इथे खाली, टेबलाच्या पायापाशी झोपायचे ना? तो आवाज थांबला की मला जाग यायची. बाकी सगळं आईच्या खोलीपासूनचंच आठवतं."

"अगं, असू दे. केवढीशी होतीस तू," मधली म्हणाली. आपला आवाज नीट निघाला याचं तिला नवल वाटलं.

तेव्हा थोरली पुढे आली. तिने हात पदराला पुसले, दोन्ही बाजूंनी, कोरडे होईपर्यंत, आणि पर्स टिकलीच्या हातातून काढून घेतली. मधलीला वाटलं, आता ही काहीतरी लागेलसं बोलणार. थोरली पिवळ्या तुकड्याकडे पाहत होती.

"हा कसला?"

"फ्लॅनेलचा आहे."

"तो दिसतोय. कशाचा?"

"झबल्याचा. तीन वर्षांची असताना तिला गोवर झाला होता. अंगाला कुठलंच कापड सहन होईना, म्हणून मी मऊ फ्लॅनेल आणलं."

"गोवर झाला होता?" थोरलीने मान वर केली. "मला कळवलं नाहीस."

"कळवून काय केलं असतंस? तू नुकती कामाला लागली होतीस. रजा मिळत नव्हती."

"नाही. मिळत नव्हती." थोरलीचं बोट पुढच्या तुकड्यावर गेलं. "आणि हा?"

"शाळेचा पहिला दिवस."

"रडली?"

"ती नाही रडली. मी फाटकापाशी दोन तास उभी होते. शेवटी शिपाई म्हणाला, बाई, तुम्हीसुद्धा नाव घाला शाळेत."

धाकटा खुदकन हसला. थोरलीच्या ओठाची कड हलली. तिने तो तुकडा अंगठ्याने पुन्हापुन्हा गुळगुळीत केला, इस्त्री करावी तसा.

"आणि हा करडा?"

"पडदा आहे. तिने कात्रीने कापला. इथल्याच खिडकीचा. मी पाठीत धपाटा घातला आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्याच्याने जेववलं नाही."

"मला हे काहीच ठाऊक नाही," थोरली म्हणाली. ती खुर्ची ओढून मशिनपाशी बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडाच होता. "चार वर्षं मी लोकांच्या चादरी धुतल्या. लहान मुलांच्या वॉर्डातल्या चादरी आल्या की मी हुंगायची. बायका हसायच्या मला. आणि तू इथे… तू का आली नाहीस गं? मी बोलावलं होतं ना तुला. पोरगी दोन महिने अन्नाला शिवत नव्हती, मावशी मावशी करून रडायची. मी हरले. सहा महिन्यांचं राहू दे, तू ताबडतोब ये, म्हणून फोन केला. तू येत नाही म्हणून निरोप मिळाला. मला वाटलं, सुटलीस एकदाची. किंवा मला धडा शिकवतेयस."

मधली तिच्याकडे बघतच राहिली. "कुठला फोन?"

"औषधवाल्याकडे केला होता मी."

"मला कुणी हाक मारली नाही. ताई, शपथ घेते. मी इथे बसून…"

दारात काठीचा आवाज झाला. आई चौकट धरून उभी होती. या घरात तिला कुणी कधी खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं. आज ती जमिनीकडे पाहत होती.

"फोन मी घेतला होता," आई म्हणाली.

कुणीच काही विचारलं नाही, म्हणून तिला एकटीलाच पुढे बोलावं लागलं.

"मधली कापड आणायला गेली होती. मी फोनवर सांगितलं, ती येत नाही म्हणते. आणि हिला काही बोलले नाही. तू तीस वर्षांची होतीस, मधले. सगळा जीव त्या पोरीत. एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मला वाटलं, ही तिकडे गेली तर परत यायची नाही, नाहीतर पोरीला घेऊन परत येईल, आणि हिचा संसार कधीच व्हायचा नाही. वाटलं, चार महिने जातील, सगळं आपोआप ठीक होईल. थोरलीची मुलगी थोरलीची होईल, आणि तुझं तुला काहीतरी मिळेल."

"तो तर एकदा चहा पिऊन गेला, तो गेलाच," धाकटा पुटपुटला. "मला आठवतो. बशीतून प्यायचा."

कुणी हसलं नाही. धाकट्यालाही हसायचं नव्हतं.

मधली कापायच्या टेबलाला टेकून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर धाकटा बायकोला म्हणाला. ती ओरडली नाही. "आई, मी वर्षभर त्या दुकानाकडे कान लावून बसले होते," ती म्हणाली. "तुझ्यासमोर. तू रोज माझ्यासमोर बसून मणी निवडत होतीस."

"हो."

"एकदाही तुला वाटलं नाही?"

"रोज वाटायचं," आई म्हणाली. "जितके दिवस गेले तितकं तोंड उघडणं कठीण होत गेलं. मग तू वाट पाहायची थांबलीस. मी म्हटलं, मिटलं."

"मी थांबले नव्हते."

आईने मान हलवली. धाकट्याने तिला धरून खुर्चीत बसवलं. मधली तिच्याजवळ गेली नाही. तेवढं तिच्याने त्या दिवशी झालं नाही, आणि आईनेही तशी अपेक्षा ठेवली नाही.

टिकली भिंतीला पाठ लावून सगळं ऐकत होती. तीन बायका आणि त्यांच्यामध्ये एक फोन, जो तिच्यासाठी होता, ती जेवत नव्हती म्हणून. ती पुढे आली आणि मशिनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, एकदा चालव ना. जायच्या आधी."

"काय शिवायचंय?"

"काही नाही. नुसती चालव."

मधलीने एक जुनी पट्टी सुईखाली घातली आणि पायडलवर पाय ठेवले. टिकली त्या टेबलाच्या पायापाशी फरशीवर बसली, सव्वीस वर्षांची बाई, गुडघे छातीशी घेऊन, आणि तिने आवाज टिपायला मोबाइल मशिनजवळ धरला. मधली मुद्दाम सावकाश चालवत होती. पट्टी संपली की उलटी फिरवायची, पुन्हा त्याच रेघेवरून. पाच-सहा मिनिटं खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटी तिने पाय उचलले, तेव्हा टिकली म्हणाली, "अजून थोडं." मधलीने अजून थोडं चालवलं.

चारच्या सुमाराला धाकट्याने पाठपिशवी उचलली. "चला, इंजिनवाल्या बाई, गाडी चुकेल."

टिकलीने आजीला मिठी मारली. आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग ती आईकडे वळली. थोरली अजून मशिनपाशीच बसली होती, पर्स मांडीवर, आणि तिची बोटं एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जात होती. टिकलीने ते पाहिलं. ती मावशीजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"मावशी, तुला वाईट वाटेल, पण विचारते. ही आईला देऊ?"

मधलीला वाईट वाटलं. नऊ आठवडे, एकोणीस तुकडे, आणि त्याच्या आधीची वीस वर्षं. पण थोरलीची बोटं मांडीवरच्या त्या पर्सवरून फिरत होती तशी टिकलीची फिरली नव्हती, हे तिनेही पाहिलं होतं. टिकलीला सुंदर वस्तू मिळाली होती. थोरलीला जे मिळत होतं त्याला तिने अजून नाव दिलं नव्हतं.

"विचारून तर बघ, घेते का," मधली म्हणाली.

"मी विचारत नाही. तूच विचार." टिकलीने तिला घट्ट धरलं. "सुट्टी मिळाली की मी आधी इथे येईन. आणि ते दोघींनाही एकाच दिवशी सांगेन, कबूल."

दारातून बाहेर पडताना तिने आईला घट्ट मिठी मारली, आणि थोरलीने तिच्या कॉलरची घडी नीट केली आणि एवढंच म्हणाली, "जेवत जा." मामा-भाची रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दोघी बहिणी खिडकीत उभ्या राहिल्या.

थोरलीची परतीची बस पाचची असायची. ती नेहमी पावणेपाचला उठायची, काहीही झालं तरी. साडेचार झाले, पावणेपाच झाले. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. थोरली पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.

"बटण राहिलंय म्हणालीस ना?"

"हो. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग लाव. मी थांबते."

"बस चुकेल तुझी."

"चुकू दे," थोरली म्हणाली. "उद्याची सकाळची असतेच की. बाकीचे तुकडे राहिलेत अजून. मला पहिल्यापासून सांग. सगळ्यात पहिला कुठला?"

मधलीने दुसरी खुर्ची ओढली आणि पर्स दोघींच्या मधे टेबलावर ठेवली. अगदी मधोमधला तुकडा पांढरा होता, धुऊन धुऊन पातळ झालेला, बारीक फुलांचा. नऊ आठवड्यांपूर्वी तिने त्याच्यापासूनच सुरुवात केली होती.

"हा," तिने त्यावर बोट ठेवलं. "दुपट्याचा. तू हिला ज्यात गुंडाळून इथे ठेवून गेलीस, तेच. दहा महिन्यांची होती तेव्हा."

"अकरा," थोरली म्हणाली.

"दहा असेल गं. दात नुकते येत होते."

"अकरा महिने आणि चार दिवस."

मधलीने तिच्याकडे पाहिलं. थोरलीने नजर काढून घेतली नाही.

"बरं, अकरा," मधली म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.